मिनियापोलिसची भिशी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात मी अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसच्या कार्मेल मॉलबद्दल लिहिलं होतं, म्हणजे सोमाली लोकांचा जो मोठा बाजार आहे तिथल्या दुकानदार बायकांचे टॅक्सचे कागद भरताना मला काय काय कळत गेलं ते. त्यावर भरपूर पत्रं आणि मेसेज आले. सगळ्यांना वेगळं लिहिणं जमणार नाही म्हणून काही प्रश्न निवडून इथेच उत्तरं देतेय. मी इथे सोळा वर्षं राहते, हिशेबाचं काम करते आणि जानेवारी ते एप्रिल दर शनिवारी लोकांचे टॅक्सचे फॉर्म फुकट भरून देणाऱ्या टीममध्ये असते, त्यामुळे यातलं काही पाहिलेलं आहे, काही वाचलेलं. माणसांची नावं मुद्दाम घालत नाही.

ताई, माझा मुलगा मागच्या वर्षी नोकरीला मिनियापोलिसला गेला. तो म्हणतो एअरपोर्टवरून घरी सोडणारा ड्रायव्हर सोमाली, पार्सल आणणारा सोमाली, शेजारच्या आजींना सांभाळायला येते ती बाईपण सोमाली. एवढ्या उन्हाच्या देशातले लोक त्या बर्फात कसे काय जाऊन राहिले? – एक आई, चिपळूण

ताई, चिपळूणच्या माणसाला हे समजावणं सगळ्यात सोपं आहे. जानेवारी 1991 मध्ये सोमालियात हुकूमशहा सियाद बारेचं सरकार पडलं, देशात टोळ्याटोळ्यांचं युद्ध सुरू झालं आणि लाखो लोक जीव घेऊन पळाले, बरेचसे केनियाच्या हद्दीत दादाबला, तिथे जे कॅम्प उभे राहिले ते आजही आहेत आणि तिथेच जन्मून तिथेच लग्न झालेली माणसं आहेत. त्यातले काही निर्वासित म्हणून अमेरिकेत आले. सुरुवातीला कोणी सॅन दिएगोला, कोणी आणखी कुठे, आणि मग 1992-93 च्या सुमारास कोणाला तरी कळलं की मिनेसोटात मार्शल नावाच्या गावी टर्की पक्षी कापायच्या कारखान्यात माणसं हवीयेत, इंग्रजी आलं नाही तरी चालतं आणि पगार लगेच सुरू होतो. बास. एक चिकटला की त्याने भावाला बोलावलं, भावाने मेहुण्याला. आपल्याकडे गिरणीत एक जण लागला की अख्खी वाडी लालबाग-परळला यायची आणि एका खोलीत पाळीपाळीने झोपायची, तसंच. थंडीचा विचार करायला वेळ कोणाला होता. आज मिनेसोटात 80 हजारांच्या वर सोमाली वंशाचे लोक आहेत आणि मिनियापोलिसच्या सीडर-रिव्हरसाइड भागातल्या त्या रंगीत पट्ट्यांच्या उंच बिल्डिंगी तुमच्या मुलाने नक्की पाहिल्या असतील, नव्याने आलेला माणूस आधी तिथे टेकतो.

कारखान्यानंतर टॅक्सी आली, मग गोदामं, मग उबर आणि तिच्यासारखीच लिफ्ट नावाची अॅपवरची टॅक्सी. आणि एक गोष्ट तुमच्या मुलाला जरूर सांगा, ही माणसं गप्प बसून राबणारी नाहीत. मिनियापोलिसजवळ शाकोपीला अॅमेझॉनचं जे मोठं गोदाम आहे तिथल्या सोमाली कामगारांनी 2018 मध्ये कामाचा वेग आणि नमाजाची सुट्टी यावरून आवाज उठवला, कंपनीला त्यांच्याशी बोलायला बसावं लागलं, पुढच्या वर्षी ऐन प्राइम डेला, म्हणजे कंपनीच्या मोठ्या सेलच्या दिवशी, त्यांनी काम बंद केलं आणि 2023 मध्ये राज्याने गोदाम कामगारांसाठी कायदाच केला. उबरवाल्यांचंही तेच. ड्रायव्हर लोक दोन-तीन वर्षं भांडले, त्यात सोमाली आणि इथिओपियन पुढे होते, आणि 2024 मध्ये कायदा झाला की मैलाला कमीत कमी 1.28 डॉलर आणि मिनिटाला 31 सेंट मिळालेच पाहिजेत. तुमचा मुलगा त्या गाडीत बसतो तेव्हा तो दर त्या ड्रायव्हरनेच लढून मिळवलेला असतो.

आमची इचलकरंजीत वीस बायकांची भिशी आहे. तुम्ही एका ओळीत लिहिलंत की सोमाली बायकांचीही असते. जरा सविस्तर सांगा ना. – एक भिशीवाली, इचलकरंजी

सांगते, कारण मला स्वतःला सगळ्यात जास्त जवळचं वाटलं ते हेच.

त्याला त्या अयूतो म्हणतात. मूळ शब्द इटालियन, अर्थ मदत, कारण दक्षिण सोमालिया बरीच वर्षं इटलीच्या ताब्यात होता. हग्बद असाही एक शब्द आहे. मी पाहिलेली अयूतो कार्मेलमधल्या एका दुकानात चालते. दुकान म्हणजे आपल्या तुळशीबागेतला गाळा समजा, दोन माणसं समोरासमोर उभी राहिली की संपलं. वरपासून खालपर्यंत पडद्याचं कापड आणि बाती, म्हणजे त्यांचे घरात घालायचे सैल झगे, आणि दाराशी मातीचं धुपाटणं, त्यात उन्सी घालतात, साखर, ऊद आणि अत्तर एकत्र करून केलेला धूप असतो तो, त्याचा वास जाकिटाला दोन दिवस राहतो. दुकानवाल्या बाईच ही अयूतो चालवतात, पंचावन्नच्या असतील. मी कागद घेऊन बसले की आधी चहा येतो, त्याला त्या शाह म्हणतात, वेलची, दालचिनी, लवंग आणि साखर हात सैल सोडून, सोबत सांबुसा. मग गल्ल्याखालून वही निघते. साधी शाळेची वही, बारा नावं, बारा रकाने.

महिन्याला प्रत्येकी 500 डॉलर, म्हणजे एकीच्या हातात एकदम 6000. आपल्यासारखी चिठ्ठी टाकत नाहीत. पहिला नंबर कोणाचा ते ती बाई ठरवते आणि जिची गरज मोठी तिला आधी, नवीन आली असेल, भाड्याचं डिपॉझिट भरायचं असेल, आई आजारी असेल. स्वतःचा नंबर शेवटचा. आपल्याकडे काही भिशांमध्ये बोली लावतात, जो जास्त सोडेल तो उचलतो, ते यांच्यात मुळीच नाही कारण ते व्याजासारखं झालं आणि व्याज त्यांना धर्माने निषिद्ध. एका महिन्यात एकीचे कामाचे तासच कमी झाले तर दुसऱ्या दोघींनी तिचे भरले, वहीत तिच्या नावापुढे पेन्सिलने एक ठिपका आला आणि दोन महिन्यांनी तो खोडला गेला. एवढंच. सही नाही, कागद नाही, वकील नाही. बुडवणारी निघाली तर काय, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या की जिची आई, मामी, शेजारीण मला माहीत नाही तिला मी घेतच नाही.

आता यातलं मला खुपतं ते सांगते. या बाईने बावीस वर्षांत एकदाही हप्ता चुकवलेला नाही, ना स्वतःचा, ना इतरांचा वेळेवर पोचवायचा. आणि जेव्हा शेजारचा गाळा घ्यायला ती एका बँकेत गेली तेव्हा उत्तर मिळालं की तुमचा क्रेडिट इतिहासच नाही. म्हणजे क्रेडिट कार्डावर उधारी करून ती व्याजासकट फेडली असती तर ती भरवशाची ठरली असती, उधारी न करता बावीस वर्षं बारा जणींचे पैसे सांभाळले तर ती कोणीच नाही. मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. मला फार लागलं ते. तुमची भिशी नीट लिहून ठेवा, ताई, तारखा घाला, आणि आपल्या बँकांनाही विचारत राहा की हे का मोजत नाही.

मी बँकेतून रिटायर झालो. आमच्याकडे हवाला म्हणजे काळा पैसा. तुम्ही मात्र हवाला दुकानाचं कौतुक केलंत, हे पटलं नाही. – एक वाचक, सांगली

काका, शंका रास्त आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय असे पैसे पाठवणं बेकायदाच आहे. पण इथली सोमाली हवाला दुकानं, ते त्याला हवालाच म्हणतात, सरकारकडे नोंदलेली आहेत, राज्याचं लायसन्स भिंतीवर टांगलेलं असतं आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय पाच डॉलरही पुढे जात नाहीत.

मुळात हे का लागतं ते बघा. 1991 नंतर सोमालियात चालणारी बँकच उरली नाही, सेंट्रल बँकसुद्धा कोसळली, मग इथल्या बँकेतून तिथे पैसे जाणार कोणत्या खात्यात? म्हणून बाई दुकानात 200 डॉलर देते, वर थोडं कमिशन, सोमालियातल्या गालकायो शहरातल्या बहिणीचं नाव आणि फोन नंबर सांगते, आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी तिथला एजंट बहिणीला पैसे देतो. हिशेब दोन ऑफिसांमध्ये नंतर, बराचसा दुबईमार्गे. आता तर थेट मोबाइलवर जातात. उत्तरेकडच्या सोमालीलँडमध्ये 2009 पासून झाद आणि दक्षिणेत नंतर ईव्हीसी प्लस या मोबाइलवरून पैसे द्यायच्या सेवा आल्या, साध्या बटणाच्या फोनवर डॉलर फिरतात, भाजीवालीलाही तसेच देतात. आपल्याकडे यूपीआय 2016 मध्ये आलं हे लक्षात घ्या. वर्षाला 130 कोटी डॉलरच्या आसपास पैसा परदेशातल्या सोमाली लोकांकडून घरी जातो असा 2013 सालचा अंदाज होता.

आणि काळ्या पैशाच्या याच संशयाने केवढं नुकसान केलं तेही ऐका. 7 नोव्हेंबर 2001 ला अमेरिकेने अल बराकात ही त्या वेळची सगळ्यात मोठी सोमाली हवाला कंपनी एका दिवसात बंद केली, मिनियापोलिसच्या ऑफिसांवरही छापे पडले, लोकांचे वाटेत असलेले पैसे अडकले. नंतर 9/11 आयोगाच्या माणसांनी तपासलं तेव्हा अतिरेक्यांना पैसा गेल्याचा ठोस पुरावा काही त्यांना मिळाला नाही. पुढे बँकांनी स्वतःच हात आखडले, कारण थोडी चूक झाली तर दंड मोठा आणि या धंद्यात नफा थोडा. इंग्लंडमध्ये 2013 मध्ये बार्कलेज बँकेने हवाला कंपन्यांची खाती बंद करायला काढली तेव्हा त्यातली दहाबशील कंपनी कोर्टात गेली आणि तिला थोडा काळ मिळाला. अमेरिकेत फेब्रुवारी 2015 मध्ये कॅलिफोर्नियाच्या ज्या एका बँकेतून बहुतेक सगळा पैसा जायचा तिनेही दार लावलं. त्यानंतर काही कंपन्यांना नोटांच्या बॅगा कस्टमला रीतसर सांगून विमानाने न्याव्या लागल्या. तुम्ही बँकेत आयुष्य काढलंत, काका, तुम्हीच सांगा, खात्यातून जाणारा पैसा तपासायला सोपा की बॅगेतून जाणारा?

एवढं कष्ट करतात, बचत करतात, मग गरीब का राहतात? – गृहिणी, डोंबिवली

रात्रीच्या फोनमुळे, असं एका ड्रायव्हरने मला सांगितलं होतं. मोगादिशू आणि मिनियापोलिसमध्ये उन्हाळ्यात आठ तासांचा फरक असतो, थंडीत नऊ. तिथे सकाळ झाली की इथे मध्यरात्र असते आणि तेव्हाच फोन वाजतो. भाच्याची फी, आत्याचं ऑपरेशन, विहीर आटली, उंट मेले. 2011 च्या दुष्काळात दक्षिण सोमालियात जवळपास 2 लाख 60 हजार माणसं गेली आणि त्यातली निम्म्याहून जास्त पाच वर्षांखालची मुलं. त्या दिवसांत इथे कोणी नाही म्हणू शकेल का? क्रेडिट कार्डातून काढून पाठवले लोकांनी, ज्यांना व्याज निषिद्ध त्यांनीही. जे इथे साठायचं ते तिकडे जगवण्यात जातं आणि टॅक्सच्या फॉर्मवर त्यासाठी एक ओळसुद्धा नाही, कारण परदेशातली आत्या कायद्याने तुमच्यावर अवलंबून धरत नाहीत. मी दर वर्षी हे सांगते आणि दर वर्षी समोरचा माणूस मान हलवून सही करतो.

माझे आजोबा परळला गिरणीत होते आणि आजी राजापूरजवळ पोस्टमनची वाट बघायची. मनीऑर्डरवर कोकण चाललं, पण मनीऑर्डर पाठवणाऱ्याची खोली शेवटपर्यंत दहा बाय दहाचीच राहिली. त्यामुळे मला हे परकं वाटत नाही.

दुसरं कारण म्हणजे डिग्री. तिकडे शिक्षक, नर्स, इंजिनिअर असलेली माणसं इथे पुन्हा पहिल्यापासून परीक्षा देत बसू शकत नाहीत, घरात पाच मुलं आणि पहिल्या तारखेला भाडं, मग ती गोदामात किंवा स्टीअरिंगवरच राहतात. युद्धात युनिव्हर्सिटीचे कागदच जळले तर मार्कशीट आणणार कुठून. त्यांच्या मुली मात्र आता नर्सिंग करतायत, अकाउंटिंग करतायत, आमच्या टॅक्सच्या टीममध्ये अशा चौघी आहेत आणि त्या माझ्यापेक्षा भराभर फॉर्म भरतात.

व्याज चालत नाही तर दुकान, ट्रक कसा घेतात? – इस्लामपूरहून एक तरुण

बरेच जण अयूतो आणि नातेवाईकांवर. ट्रक चालवणं सध्या तरुणांमध्ये खूप आहे, मिनियापोलिसला आणि ओहायोत कोलंबसला, जी अमेरिकेतली दुसरी मोठी सोमाली वस्ती. पण ट्रक महाग, आणि लोन म्हणजे व्याज. यावर हुसेन सामातर नावाच्या माणसाने चांगला रस्ता काढला. ते 1993 मध्ये निर्वासित म्हणून आले, बँकेत काम केलं, आणि मग आफ्रिकन डेव्हलपमेंट सेंटर ही संस्था सुरू केली. संस्था वस्तू स्वतः विकत घेते आणि थोडा नफा लावून दुकानदाराला हप्त्याने विकते, किंमत पहिल्या दिवशीच ठरलेली, उशीर झाला म्हणून वाढत नाही. मिनियापोलिस महापालिकेनेही छोट्या धंद्यांसाठी अशी सोय केली. सामातर 2010 मध्ये शाळा मंडळावर निवडून आले आणि 2013 मध्ये फार लवकर गेले, पण त्या पैशाने उभी राहिलेली हॉटेलं आणि दुकानं आजही चालू आहेत. तुम्ही धंदा करत असाल तर हा हिशेब समजून घ्या, खोटा नाहीये, खर्च दोन्हीकडे असतो पण इथे तो वाढत नाही.

मिनेसोटात सोमाली लोकांनी सरकारी पैशात मोठा घोटाळा केला ना? त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. – एक वाचक, नाशिक

लिहायला हवं होतं, मान्य. कोविडच्या काळात गरीब मुलांना जेवण द्यायच्या सरकारी योजनेतून फीडिंग अवर फ्यूचर नावाच्या संस्थेमार्फत 250 दशलक्ष डॉलर लुबाडल्याचा आरोप झाला, सप्टेंबर 2022 मध्ये आधी 47 जणांवर खटले भरले गेले, नंतर आकडा वाढला, आणि आरोपींमध्ये बहुतेक सोमाली वंशाचे होते. संस्था चालवणारी बाई सोमाली नव्हती, तिला मार्च 2025 मध्ये दोषी ठरवलं गेलं. कागदावर हजारो मुलांना जेवण आणि खरं तर ताटच नाही. लेकरांच्या घासावर हात मारणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, मला यात काहीही गुळगुळीत बोलायचं नाहीये.

पण त्यानंतर माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या पाळणाघरवाल्या बाईचं काय झालं ते मी पाहिलं. तिच्याकडे नऊ मुलं, प्रत्येकाच्या येण्याजाण्याची वेळ आणि आईची सही तारीखवार लावलेली. तरी ती थरथरत फाइल पुढे करायची. चार खोक्यांमधल्या पावत्या आम्ही दोघींनी तीन शनिवार बसून लावल्या, एकही कमी निघाली नाही. चोरी ज्यांनी केली ते नावानिशी कोर्टात आहेत. तिचं नाव तिथे नाही.

फक्त अमेरिकेतच आहेत का? आफ्रिकेत, युरोपात काय परिस्थिती? – विद्यार्थी, पुणे

उलट, धंद्यात त्यांचा खरा हातखंडा बघायचा तर नैरोबीचं ईस्टली बघ. एके काळी तो भाग आपल्या भारतीय लोकांचा होता, केनिया स्वतंत्र झाल्यावर ते हळूहळू निघून गेले. 1991 नंतर निर्वासित तिथल्या गरिसा लॉजमध्ये उतरले आणि राहायच्या खोलीतच कपडे विकायला लागले, दिवसा माल खाटेवर मांडायचा, रात्री खाटेखाली सरकवून झोपायचं. त्याचं पुढे शॉपिंग सेंटर झालं, आणि मग एकामागून एक मॉल उभे राहिले, आज पूर्व आफ्रिकेतले व्यापारी तिथून माल भरतात. तरी एप्रिल 2014 मध्ये पोलिसांनी हजारो सोमाली उचलून कासारानी स्टेडियममध्ये डांबले होते.

दक्षिण आफ्रिकेत वस्त्यांमध्ये यांची छोटी किराणा दुकानं आहेत, स्पाझा म्हणतात. चार जण मिळून पैसे घालतात, माल एकत्र घाऊक आणतात आणि एक अंडं, एक डायपर, चमचाभर साखर असंही विकतात, चाळीतला वाणी पुडी बांधून द्यायचा तसं. गरीब गिऱ्हाइकाला हेच परवडतं. आणि हीच दुकानं दंगलीत आधी लुटली जातात, मे 2008 मध्ये साठांहून जास्त माणसं मारली गेली त्यात सोमाली होते. पुढे लिम्पोपो प्रांतात पोलिसांनी परवाना नाही म्हणून दुकानं बंद केली, सोमाली संघटना कोर्टात गेली आणि 2014 मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने सांगितलं की आश्रय मागणाऱ्यालाही धंदा करायचा हक्क आहे. 1897 मध्ये तिथल्याच नाताळ नावाच्या वसाहतीत भारतीय दुकानदारांना अडवायला असाच परवान्याचा कायदा केला होता आणि गांधीजी त्याविरुद्ध लढले होते, तुझ्या इतिहासाच्या पेपरात हे दोन्ही शेजारी शेजारी लिही.

युरोपातलं थोडक्यात. हॉलंडमध्ये पासपोर्ट मिळाल्यावर हजारो सोमाली कुटुंबं उठून इंग्लंडात लेस्टर, बर्मिंगहॅमला गेली, कारण हॉलंडमध्ये मदत मिळायची पण दुकान टाकायला कागद आणि सर्टिफिकेटं फार लागायची. सरकारी मदत सोडून दुकान टाकायला देश बदलणारी माणसं आहेत ही.

आमच्या कोंढव्याच्या फ्लॅटसाठी एक सोमाली विद्यार्थी विचारतोय. सोसायटीतले म्हणतात, चाचे लोक ते, देऊ नका. काय करू? – घरमालक, पुणे

द्या. 2011 मध्ये आपल्या नौदलाने शंभरावर चाचे पकडून मुंबईत आणले हे खरं, पण त्यांचा आणि पुण्यात बीबीए करायला आलेल्या पोराचा संबंध काय? पासपोर्ट, व्हिसा, कॉलेजचं पत्र बघा, रीतसर करार करा आणि तो राहायला आल्यापासून 24 तासांच्या आत सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन फॉर्म भरा (2025 पर्यंत त्याला सी फॉर्म म्हणायचे), परदेशी माणूस ठेवला की तो भरावाच लागतो, मग तो जर्मन असो की सोमाली. सोसायटीला कागद दाखवा.

एक गोष्ट मात्र आधीच त्याला विचारून ठेवा, की पैसे कोण पाठवतं. बहुतेक उत्तर येईल मावशी किंवा मोठा भाऊ, मिनियापोलिस, लंडन नाहीतर नैरोबी. कधी भाडं आठ-दहा दिवस उशिरा आलं तर लगेच खोली खाली कर म्हणू नका. मावशीचे तास कमी झालेले असतील, किंवा त्या महिन्यात तिच्याकडे दोन फोन आले असतील. अकरा महिन्यांच्या करारात भाड्याची तारीख एकऐवजी दहा टाका, त्याचं काम भागेल आणि तुमचंही.